धरून ठेवलेली मेमरी : प्रस्तावना

गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेत लिहिलेला सर्व्हर मेमरी संपून पडतो, याचे नवख्या माणसाला आधी आश्चर्य वाटते आणि मग रागही येतो. मेमरी घ्यायची आपण आणि परत करायची भाषेने, असे तर ठरले होते! नवीन पनवेल, कामोठे, खारघर इथून रोज पनवेल-ठाणे लोकल पकडून ऐरोली-महापेकडे जाणाऱ्या कित्येक मुलामुलींचे पोट आज जावा, सी-शार्प, गो, पायथन या भाषांवर आहे. रात्री फोन वाजतो, "सर्व्हर पडला, ओओएम आलाय." कोणीतरी लॅपटॉप उघडून रीस्टार्ट मारते, हीप, म्हणजे प्रोग्रॅमच्या वस्तू राहतात ती मेमरी, दोन जीबीने वाढवते आणि झोपी जाते. काही आठवड्यांनी तोच फोन पुन्हा येतो. हे पुस्तक त्या दुसऱ्या फोनपाशी थबकणाऱ्यांसाठी आहे.

मेमरी वाढवणे आता फार सोपे झाले आहे, ही यातली एक अडचण. पनवेलजवळ २०२० च्या जुलैमध्ये योट्टा कंपनीचे एनएम-१ हे डेटा सेंटर सुरू झाले. त्याची आखणीच ७,२०० रॅकची आहे. अशा ठिकाणची मेमरी भाड्याने घेता येते आणि एका क्लिकवर दुपटीने वाढवताही येते. पूर्वी मेमरीची नवी पट्टी मागवायची तर खरेदी विभागाला कारण लिहून द्यावे लागे, आणि ते लिहिताना माणूस निदान विचार तरी करायचा. आता बिल महिनाअखेरीस येते आणि ते दुसरेच कोणीतरी भरते.

या विषयाचे मूळ मात्र जुने आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ही कल्पना पहिल्यांदा नीट मांडलेली आढळते. त्यांच्यासमोर आयबीएम ७०४ हे यंत्र होते. मोकळ्या जागांची यादी संपली की काम थांबवायचे, प्रोग्रॅमच्या हाती असलेल्या दुव्यांवरून निघून जिथे जिथे पोचता येते तिथे खूण करायची आणि खूण नसलेले सगळे पुन्हा मोकळ्या यादीत टाकायचे. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी प्रत्येक वस्तूकडे येणारे दुवे मोजत राहण्याची दुसरी वाट सुचवली. पुढे मिन्स्की, चेनी, डाइक्स्ट्रा, लॅम्पोर्ट, अंगर अशा अनेकांनी ही कल्पना वेगवान केली. कामाच्या मधोमध लागणारा विराम त्यांनी कमी केला, तरुण आणि म्हाताऱ्या वस्तूंना वेगळे वागवायला शिकवले. हा इतिहास सविस्तर हवा असेल त्यांनी रिचर्ड जोन्स, अँटनी हॉस्किंग आणि एलियट मॉस यांचे २०११ चे 'द गार्बेज कलेक्शन हँडबुक' घ्यावे. माझ्या मते यापेक्षा नीटनेटका ग्रंथ या विषयावर नाही.

पण या सगळ्या सुधारणांत एक गोष्ट तशीच राहिली. कलेक्टर विचारतो, "या वस्तूपर्यंत पोचता येते का?" आपल्याला हवे असते ते वेगळेच, "ही वस्तू पुढे कधी लागणार आहे का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुवे चालत जाऊन मिळते. दुसऱ्याचे उत्तर सर्वसाधारणपणे कोणत्याही यंत्राला देता येणार नाही. ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निबंधापासून ही भिंत आपल्याला ठाऊक आहे. म्हणून कलेक्टर सावधपणे वागतो आणि पोचता येणारे सारे ठेवून देतो. वर्षभर कोणी न विचारलेली वस्तूही एखाद्या कोपऱ्यातल्या यादीने धरून ठेवली असेल, तर ती त्याच्या लेखी कामाचीच. गार्बेज कलेक्टर असलेल्या भाषेतले मेमरी लीक या फटीतून जन्मते.

ही फट बुजवण्याचे काम आपल्या जवळ, पवईला झाले आहे, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. आयआयटी मुंबईतले उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा हीपमधल्या दुव्यांच्या विश्लेषणावरचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅम चालवण्याआधीच, नुसता त्याचा मजकूर तपासून, कोणत्या ओळीनंतर कोणता दुवा पुन्हा वापरला जाणार नाही हे शोधायचे आणि तिथे तो दुवा रिकामा करणारी सूचना घालायची, असा त्यांचा बेत. मग कलेक्टरला ती वस्तू पोचण्याजोगी दिसतच नाही. ऐकायला सरळ वाटणाऱ्या या बेतात खरी मेख लूपची आहे. साखळीतली पुढची कडी, तिच्या पुढची, तिच्याही पुढची असे चालणारे मार्ग मोजायला बसले तर संपतच नाहीत. त्या न संपणाऱ्या मार्गांना मर्यादित आकाराच्या आलेखात बसवणे हा त्या निबंधाचा गाभा आहे. पुढे २०१४ मध्ये राहुल असाटी, सन्याल, करकरे आणि केंब्रिजचे ॲलन मायक्रॉफ्ट यांनी फंक्शनल भाषेसाठी याच्या पुढचे पाऊल टाकले. तिथे कलेक्टरच जिवंत दुव्यांपुरता हिंडतो, पोचता येणाऱ्या सगळ्यांमागे जात नाही. रोजच्या वापरातल्या सर्व्हरवर हे तंत्र अजून तयार मिळत नाही. तरीही मी विद्यार्थ्यांना २००७ च्या निबंधाची निदान पहिली काही पाने वाचायला लावतो, कारण 'पोचता येणे' आणि 'लागणे' यांतले अंतर तिथे नेमके मांडलेले आहे.

हे अंतर किती महागात पडते, याचे मला आवडणारे उदाहरण सर्व्हरचे नाही, गाडीचे आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात चालकाविना धावणाऱ्या गाड्यांची स्पर्धा झाली. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'प्रॉस्पेक्ट इलेव्हन' सी-शार्पमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालत होती. सुमारे १५ किलोमीटर जाऊन ती थांबली. वाटेत दिसलेला प्रत्येक अडथळा ही एक वस्तू. तो मागे पडला की त्याला यादीतून काढून टाकले जात होते, म्हणजे लिहिणाऱ्यांनी आपले काम केले होते. पण प्रत्येक अडथळा गाडीच्या हालचालीची सूचना मिळावी म्हणून एका इव्हेंटला जोडलेला होता, आणि ती जोडणी कोणी सोडवली नव्हती. त्यामुळे मागे पडलेले सगळे अडथळे मेमरीत बसून राहिले. गोष्ट उघड झाली ती नंतर, मेमरीचा प्रोफायलर लावल्यावर. यादीतून काढणे म्हणजे सोडून देणे नव्हे, एवढे या एका घटनेतून कळते. आजच्या सर्व्हरमध्ये अशा न सोडवलेल्या गाठी ढिगाने सापडतात. कधी मुळीच रिकामा न होणारा स्टॅटिक मॅप असतो, कधी थ्रेड पूलमधल्या थ्रेडला चिकटून राहिलेला थ्रेड-लोकल, तर कधी समानतेची व्याख्या न लिहिल्यामुळे दर वेळी नवी ठरणारी कॅशेची किल्ली.

आता 'अचानक' या शब्दाकडे वळू. सर्व्हर अचानक पडला असे सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याने पाहिलेला आलेखच तसा असतो. मेमरी वर चढते, कलेक्शन होते, खाली येते, पुन्हा चढते. करवतीच्या दात्यांसारख्या त्या रेषेची वरची टोके पाहून काहीच कळत नाही, खालची टोके पाहावी लागतात. पनवेलकरांना यासाठी देहरंगचे धरण आठवावे. पालिकेच्या मालकीचे हे धरण पाऊस लागला की भरून वाहते, आणि वाहते धरण पाहून सगळे बरे चालले आहे असे वाटते. तळात वर्षानुवर्षे गाळ साचल्याने त्यात पाणी किती मावते, हे भरलेल्या पातळीवरून कळत नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर फिरू लागले की कळते. प्रत्येक पूर्ण कलेक्शननंतर उरणारी मेमरी दर दिवशी थोडी थोडी वर सरकत असेल, तर तुमच्या हीपमध्येही गाळ साचतो आहे आणि पडण्याचा दिवस आज ना उद्या येणार आहे. शेवटच्या तासांत कलेक्टर जवळजवळ सगळा वेळ स्वतःच खाऊ लागतो. जावाचा पॅरलल कलेक्टर ९८ टक्क्यांहून अधिक वेळ झाडलोटीत जाऊन २ टक्क्यांहून कमी हीप मोकळा होत असेल, तर स्वतःच हात टेकतो आणि तसा वेगळा संदेश देतो.

खालची टोके सपाट असूनही सर्व्हर पडला, तर ते लीक नव्हे. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता राज्यभरातून एकाच साइटवर माणसे तुटून पडतात. असा भार आला की प्रत्येक विनंती आपल्यापुरता थोडासा हीप धरते आणि एकूण बेरीज मर्यादेबाहेर जाते. कोणीतरी पाच वर्षांचा अहवाल एक्सेलमध्ये मागतो आणि प्रोग्रॅम अख्खे टेबल मेमरीत ओढतो, हेही नेहमीचेच. याहून फसवा प्रकार रांगेचा आहे. जावाच्या ठरावीक आकाराच्या थ्रेड पूलमागे, तुम्ही वेगळे सांगितले नाही तर, अमर्याद लांबीची रांग असते. डेटाबेस थोडा मंदावला की कामे रांगेत साचू लागतात, आणि तासाभराने मेमरी संपते. इथे हीपची चिरफाड करून काय उपयोग? दुरुस्ती डेटाबेसच्या क्वेरीची करायची आहे.

मेमरी संपल्याच्या संदेशासोबत येणाऱ्या स्टॅक ट्रेसवर तर मुळीच विश्वास ठेवू नका, असे मी थोडी अतिशयोक्ती करून सांगत असतो. शेवटचा बाइट मागणारा जो कोणी असेल त्याचे नाव तिथे छापले जाते. हीप ९९ टक्के भरलेला असताना एखादा बिचारा लॉग लिहिणारा थ्रेड चार अक्षरांची स्ट्रिंग मागतो आणि त्याच्या नावाने तिकीट फाडले जाते. शोधायचे असते ते बाकीचे ९९ टक्के कोणी धरले हे.

मेमरी वाढवण्यावर मी वर टीका केली, ती अर्धीच खरी आहे. मॅथ्यू हर्ट्झ आणि एमरी बर्जर यांनी २००५ मध्ये मोजून दाखवले की गरजेच्या पाचपट मेमरी दिली तर चांगला कलेक्टर हाताने मेमरी परत करणाऱ्या प्रोग्रॅमच्या बरोबरीने धावतो. तिपटीवर सरासरी १७ टक्के मागे पडतो आणि दुपटीवर जवळपास ७० टक्के. म्हणजे काही सर्व्हर नुसतेच अडचणीत राहत असतात, त्यांना ऐसपैस जागा देणे हाच उपाय असतो. लीक असलेल्या सर्व्हरला तीच जागा दिली तर तो पडायला फक्त अधिक दिवस घेतो. या दोघांत फरक करता येणे हीच या विद्येची पहिली पायरी.

आणखी एक पडणे पूर्णपणे निराळे आहे. त्यात कोणतीही एरर येत नाही, लॉग मध्येच तुटतो, प्रोसेस १३७ हा आकडा टाकून नाहीशी होते. हे काम लिनक्सच्या कर्नलचे असते. कंटेनरची मर्यादा दोन जीबी आणि हीपही दोन जीबी, असे सेटिंग मी फार ठिकाणी पाहिले आहे. थ्रेडचे स्टॅक, क्लासची माहिती, हीपबाहेरचे बफर हे सगळे कुठे राहायचे याचा विचार कोणी केलेला नसतो. कलेक्टरला हीपमध्ये जागा दिसत असते आणि कर्नल मात्र प्रोसेसचा एकूण हिशेब पाहून तिला मारून टाकतो. जुन्या जावाला तर कंटेनर कळतही नसे. तो अख्ख्या यंत्राची मेमरी पाहून तिचा चौथा हिस्सा हीपसाठी आपला समजे. ६४ जीबीच्या यंत्रावर १६ जीबी, मग कंटेनरची मर्यादा काहीही असो. जावा १० पासून, आणि २०१८ मधल्या एका अपडेटने जावा ८ मध्येही, हे सुधारले. बँका आणि सरकारी कार्यालयांतल्या जुन्या आवृत्त्या अजून निवृत्त झालेल्या नाहीत, म्हणून या पुस्तकात त्यांना जागा दिली आहे.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग हीप डंप, म्हणजे एका क्षणी हीपमध्ये असलेल्या सगळ्याची फाइल, वाचण्यावर आहे. डंपमध्ये लाखो वस्तू असतात आणि प्रत्येकीकडे अनेक दुवे येतात. त्यातून वाट काढण्याचे मुख्य साधन म्हणजे डॉमिनेटर वृक्ष. एखाद्या वस्तूपर्यंत जाणारे सगळे रस्ते ज्या एका वस्तूवरून जातात ती तिची डॉमिनेटर. ती सोडली की मागचे सगळे मोकळे होते. ही कल्पना कंपायलर लिहिणाऱ्यांनी वेगळ्याच कामासाठी विकसित केली होती. लेंगाउअर आणि टार्जन यांनी १९७९ मध्ये ती वेगाने मोजण्याची रीत दिली. सॅपमध्ये सुरू होऊन पुढे एक्लिप्सकडे आलेल्या मेमरी ॲनालायझर या मोफत साधनाचा कणा तीच कल्पना आहे. साधने बदलत राहतील, वृक्ष वाचायला शिका.

डंपविषयी एक ताकीद मात्र गंभीरपणे घ्या. त्यात त्या क्षणी सर्व्हरच्या हीपमध्ये असलेले सगळे असते. ग्राहकांची नावे, मोबाइल नंबर, आधार क्रमांक, कधी उघडे पासवर्डसुद्धा. ती फाइल पेन ड्राइव्हवर घरी नेणे किंवा ग्रुपवर टाकणे म्हणजे अख्खा डेटाबेस वाटण्यासारखे आहे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाला नसता तरी हे चुकीचेच ठरले असते.

पहिले प्रकरण उघडण्याआधी जावात एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवा. एक क्लास घ्या, त्यात एक स्ट्रिंग ठेवा, समानतेची आणि हॅशची व्याख्या मुद्दाम लिहू नका. त्याच क्लासच्या वस्तू किल्ली म्हणून एका स्टॅटिक मॅपमध्ये लूपने भरत राहा. प्रत्येक वेळी वस्तूही नवी बनवा आणि तिच्यातली स्ट्रिंगही नव्याने जोडून तयार करा, मजकूर मात्र तोच ठेवा. हीपची मर्यादा ६४ एमबी करा, मेमरी संपताच डंप लिहिण्याचा पर्याय चालू करा आणि प्रोग्रॅम पडू द्या. डंप उघडण्याआधी सर्वांत जास्त जागा कोणत्या क्लासने घेतली असेल, हे कागदावर लिहा. नुसत्या आकाराच्या यादीत तुम्हाला वर बाइटचे ॲरे आणि मॅपचे नोड दिसतील. तुमच्या क्लासचे नाव त्यांच्या खाली असेल आणि स्टॅटिक मॅप स्वतः तर जेमतेम काही बाइट्सचा. मग डॉमिनेटर वृक्ष उघडा आणि तोच मॅप कुठे आहे ते पाहा. या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून पहिले प्रकरण सुरू होते.