तंतुवाद्याची दांडी व तिची राखण : मिरजेचा तानपुरा, सप्ताहाची वीणा आणि विद्युत गिटार

प्रस्तावना

भारतीय वाद्यांच्या इतिहासलेखनात नाद, घराणी व कलावंत यांची चर्चा विपुल झाली आहे. वाद्य मोडते कोठे, का मोडते आणि ते मोडू नये म्हणून त्या त्या काळातील समाजाने कोणती काळजी घेतली, हा प्रश्न मात्र बहुधा दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या दुकानातच राहिला. तंतुवाद्याच्या बाबतीत या प्रश्नाचा केंद्रबिंदू म्हणजे दांडी आणि तिच्या शेंड्याचा खुंट्या बसविलेला भाग. विद्युत गिटारमुळे हा प्रश्न आज महाविद्यालयीन तरुणांनाही परिचित झाला आहे. गिटारची मान मोडली म्हणजे काय होते, हे त्यांना सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात मात्र तो गिटारहून बराच जुना आहे. मराठीत वाद्याच्या कापडी खोळीला ‘गवसणी’ असा स्वतंत्र शब्द असावा आणि अशक्यप्राय गोष्ट साधण्याला ‘आकाशाला गवसणी घालणे’ म्हणावे, यावरून ही वस्तू लोकजीवनात किती रुळलेली होती याची कल्पना येते.

दांडीच का मोडते?

तंतुवाद्यात लाकूड सतत ओढीखाली असते. प्रचलित बारीक तारा लावलेल्या सहा तारांच्या विद्युत गिटारवर एकूण ताण सुमारे ४५ किलो वजनाइतका असतो. हा ताण सहन करणारा भाग वाद्याच्या सर्व भागांत सर्वांत लांब व सर्वांत अरुंद असतो. वाद्य उताणे पडले की धड जमिनीवर थांबते, शेंडा मात्र गतीमुळे मागे झुकू पाहतो. तारांचा ताण त्याच क्षणी त्याला पुढे खेचत असतो. लाकडाचे तंतू जेथे आखूड पडले असतील तेथे चीर जाते. पेटीत ठेवलेले वाद्यही याच कारणाने मोडते. पेटी शाबूत आणि आतील मान तुटलेली, हा पुष्कळांना बुचकळ्यात टाकणारा प्रकार यातूनच घडतो.

तानपुऱ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याची दांडी सरळ असते, शेंडा मागे कललेला नसतो. त्यामुळे तेथे तंतू आखूड पडण्याचा दोष नाही. परंतु दांडी आतून पोकळ असते, आणि भोपळ्याला ती जेथे जोडली जाते तो गळ्याचा सांधा नाजूक असतो. शेंड्यावरचा धोका खुंट्यांचा आहे. खुंटी निमुळती असून केवळ घर्षणाने छिद्रात बसते. तिच्यावर बाहेरून आघात झाला तर ती पाचरीसारखी आत शिरते व दांडीला उभी चीर पाडते. म्हणजे गिटारचे मर्मस्थान वर, तानपुऱ्याचे मुख्यतः खाली; एकाच तऱ्हेचे आवरण दोघांनाही पुरेल ही समजूत म्हणूनच चुकीची ठरते.

मिरज : शस्त्राकडून वाद्याकडे

महाराष्ट्रात सतार व तानपुरा घडविण्याचे प्रमुख केंद्र म्हणजे मिरज. पटवर्धन संस्थानिकांच्या या नगरीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांनी हा व्यवसाय रुजविला असे परंपरा सांगते. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार व पाणी देणाऱ्यांचे. ब्रिटिश अमलात शस्त्रांची मागणी ओसरली आणि गायकांची वाद्ये दुरुस्त करता करता हे हात वाद्यनिर्मितीकडे वळले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या कलेचा आरंभ निर्मितीने झाला नाही, दुरुस्तीने झाला. मोडलेले वाद्य उघडून पाहिलेल्या माणसालाच ते कोठे दुबळे आहे हे आधी कळते, आणि मिरजेच्या कारागिरीला मिळालेला हा लाभ आजवरच्या गौरवपर लेखनात पुरेसा नोंदविला गेलेला नाही.

मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर, मंगळवेढा परिसरातून येतो. दांडीसाठी प्रामुख्याने तून जातीचे लाकूड वापरले जाते. ते हलके आहे, कोरण्यास सोपे आहे. मात्र लाकूड पुरते वाळलेले नसेल तर पुढे दांडी वाकते व कोणतीही गवसणी ते वाकणे थांबवू शकत नाही. दांडीच्या रक्षणाचे पहिले काम अशा रीतीने वाद्य तयार होण्यापूर्वीच, लाकडाच्या निवडीत व ते मुरविण्यात होत असते.

सप्ताहातील वीणा

मिरजेसारख्या दक्षिणेकडील गावात घडलेले वाद्य वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावी पोचले, तर त्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक प्रवासाची, दुसरी हवेची. वऱ्हाडातील कोरड्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. लाकूड आकसते, खुंट्या सैल होऊन घसरू लागतात. पावसाळा लागला की तेच लाकूड फुगते व खुंटी फिरेनाशी होते. खुंटीला खडू लावणे, वाद्य भिंतीच्या उष्णतेपासून दूर ठेवणे, वापर नसताना तारा किंचित उतरविणे, या घरगुती रीती येथे केवळ सवयी नाहीत, गरजा आहेत.

या भागातील खेड्यांना शास्त्रीय संगीताच्या तानपुऱ्यापेक्षा वारकरी वीणा अधिक जवळची. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा रात्रंदिवस कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते. पहारा बदलताना एक विणेकरी नमस्कार करून ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. सप्ताह संपेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही, असा दंडक आहे. या दंडकाचा अर्थ धार्मिक आहे यात शंका नाही. त्याचा व्यावहारिक परिणाम मात्र वाद्यशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय ठरतो. मंडपाच्या गर्दीत वाद्य खाली ठेवले तर कोणाचा तरी पाय दांडीवर पडणार. गळ्यात असलेल्या वीणेची दांडी विणेकऱ्याच्या हातात असते. आषाढीच्या वाटेवर पावसाची सर आली की विणेकरी स्वतः भिजतो, वीणेवर मात्र आधी आवरण येते. पेट्या व गाद्या यांच्यावर खर्च न करता एका समाजाने मोडतोडीवर काढलेला हा उपाय आहे, असे म्हटल्यास त्यात श्रद्धेचा अवमान होत नाही.

रेल्वे व प्रवासी गायक

दरबारी गायकाचे वाद्य बहुतांशी एका ठिकाणी राही. रेल्वेने हे चित्र बदलले. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि मिरज हे दक्षिणोत्तर ये-जा करणाऱ्या कलावंतांचे सोयीचे ठाणे बनले. दीर्घकाळ मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना वाद्यदुरुस्तीचेही उत्तम ज्ञान होते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाल कोविल या लहानशा स्थानकावर त्यांचे निधन झाले. प्रकृती बिघडल्याने ते तेथे उतरले, तानपुरा जुळवून घेतला व प्रार्थना गाता गाता प्राण सोडला, असे सांगितले जाते. या हृदयद्रावक प्रसंगाची दुसरी बाजूही आहे : सुमारे ५ फूट लांबीचे, भोपळ्याचे वाद्य आगगाडीने इतक्या दूर गेले होते आणि फलाटावर तत्काळ जुळवता येण्याच्या स्थितीत होते. कापडी गवसणी धूळ व ओरखडे अडविते, धक्का अडवीत नाही. अशा प्रवासात वाद्य राखणारा माणूसच खरे आवरण होता. लाकडी पेटी, आणि विमानप्रवास वाढल्यावर फायबरची पेटी, ही त्या माणसाची जागा घेणारी साधने होत.

गिटारचा धडा

विद्युत गिटारच्या इतिहासात हाच प्रश्न कारखान्याच्या पातळीवर सोडविण्याचा प्रयत्न झाला. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅक्ह्यू यांनी मानेत बसविण्याच्या पोलादी सळईचे पेटंट १९२३ मध्ये मिळविले. तारांच्या ताणाने मान वाकू नये, हा तिचा हेतू. परंतु सळईचा नट फिरविण्यासाठी शेंड्यालगत जी खाच कोरावी लागते, तिच्यामुळे नेमके नाजूक जागेचेच लाकूड कमी झाले. एका दुखण्याचे औषध दुसऱ्याचे कारण ठरावे, तसे हे झाले. त्यातच गिब्सनच्या महोगनी मानेचा शेंडा १७ अंशांनी मागे कललेला असे. १९६०च्या दशकाच्या मध्यास तो कोन १४ अंशांवर आणला गेला व दशकाअखेरीस मानेच्या मागे, शेंड्याच्या मुळाशी लाकडाचा एक उंचवटा ठेवण्यात येऊ लागला. १९८०च्या दशकाच्या आरंभी तो काढूनही टाकला गेला. वादकांची जुन्या घडणीची ओढ टिकाऊपणावर मात करून गेली. लिओ फेंडर यांनी मेपलची मान व न कललेला शेंडा स्वीकारला होता. या घडणीत तंतू अखंड राहतात व मान क्वचित मोडते.

गिटार पेटीत ठेवताना मानेखालचा आधार शेंड्याला न देता मानेला द्यावा, शेंडा अधांतरी राहावा व त्याच्या मागे मोकळी जागा असावी, हे त्यामुळेच महत्त्वाचे. तानपुऱ्याच्या पेटीत भोपळ्याला सर्व बाजूंनी मऊ आधार, गळ्याखाली उशी आणि खुंट्यांभोवती पोकळी लागते. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ पिशव्यांत नेमकी खुंट्यांचीच जागा घट्ट असते.

राखण आणि अडगळ

१९७९ मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. पुढे तोच नाद भ्रमणध्वनीतही आला आणि गायकाला दांडी वाहून नेण्याची गरजच उरली नाही. वाद्य प्रवासात मोडण्याचा धोका त्याने कमी केला, पण घराघरांतील तानपुरे गवसणीतच राहिले. न वापरलेल्या वाद्याच्या तारा गंजतात, खुंट्या छिद्रात रुतून बसतात, दांडीला पडलेला बाक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाने नावाचे संरक्षण होते. दुरुस्तीला येणाऱ्या वाद्यांची संख्या त्याने वाढेल की नाही, हे वाजविणाऱ्यांवर अवलंबून आहे.

सप्ताहाच्या मंडपात ध्वनिक्षेपक आला, पेटीला इलेक्ट्रॉनिक सूरही जोडला गेला. वीणेच्या जागी मात्र यंत्र आले नाही, कारण पहाऱ्यावर उभे राहणाऱ्याच्या गळ्यात घालायला वीणाच लागते. पहाटे तीनच्या पहाऱ्यालाही कोणीतरी डोळे चोळत उठतो, नमस्कार करतो आणि दांडी हातात घेतो.