‘हो’ म्हणणारा स्विच

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८

अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना एक गोपनीय सूचना पाठवली. कार्ड देणाऱ्या एखाद्या बँकेची यंत्रणा फोडून येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढले जातील, असा तिचा आशय होता. कोणती बँक, कोणता देश, याचा उल्लेख नव्हता. असे डल्ले बहुधा सुट्टीला जोडून मारले जातात, हे जाणकारांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी भारतात महिन्याचा दुसरा शनिवार होता. सोमवारपर्यंत बँका बंद.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये जायला सुरुवात व्हायला अजून एक रात्र होती.

त्याआधीची अडीच वर्षं

फेब्रुवारी २०१६. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८.१ कोटी डॉलर गेले. ते स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून गेले, तेही सुट्टीच्या दिवसांत.

जून २०१६. रिझर्व्ह बँकेनं व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. नागरी सहकारी बँकांसाठीची चौकट अजून यायची होती.

फेब्रुवारी २०१८. तमिळनाडूच्या सिटी युनियन बँकेत स्विफ्टमधूनच घुसखोरी झाली. त्याच महिन्यात पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर आला. तिथं स्विफ्ट आणि बँकेची मुख्य खातेवही एकमेकांना जोडलेली नव्हती. एकीकडे हमी जात होती, दुसरीकडे नोंद पडत नव्हती. २० फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना या धोक्याबद्दल किमान तीन वेळा सावध केलं आहे. दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी ३० एप्रिलची मुदत दिली गेली.

शनिवार, ११ ऑगस्ट, सकाळ, कोल्हापूर

दिव्यांची अमावस्या. गुरुवारी मराठा आरक्षणासाठी महाराष्ट्र बंद होता, त्यानंतर कोल्हापूरचा बाजार पुन्हा उघडला होता. दुसऱ्या दिवसापासून श्रावण.

शहरात तोपर्यंत एका टोळीच्या हाती ९५ बनावट कार्डं आली होती. कार्डांवरची माहिती कॉसमॉसच्या ग्राहकांची होती.

इथं क्षणभर थांबून यंत्रणा समजून घ्यायला हवी. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखादा फौंड्रीवाला ईआरपी, म्हणजे सगळे विभाग जोडणारी संगणकप्रणाली, घेतो, तेव्हा त्याला एक गोष्ट विकत घ्यायची असते: नोंद एकदाच करायची आणि ती सगळीकडे दिसली पाहिजे. गेटवर भंगाराचा ट्रक आला की स्टोअरचा साठा वाढतो, पुरवठादाराचं देणं चढतं, हिशेबनीसाला वेगळं लिहावं लागत नाही. मालक परगावी असला तरी आकडा त्याच्यासमोर असतो. फायदा खरा आहे, मी तो नाकारणार नाही. बँकेत याच गोष्टीला कोअर बँकिंग म्हणतात. १९०६ साली पुण्यात सुरू झालेल्या कॉसमॉसला शाखाशाखांतून विखुरलेले ग्राहक एका खातेवहीवर आणता आले, ते त्यामुळेच.

पण या सोयीत एक जागा रिकामी होते. चोपडीवर चोपडी ताडून बघणारा माणूस उठून जातो. यंत्रणेच्या एका भागानं दुसऱ्याला जे सांगितलं, ते खरंच धरलं जातं.

एटीएममध्ये कार्ड घातलं की मागणी व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेच्या ‘स्विच’कडे येते. स्विच मुख्य खातेवहीला विचारतो: शिल्लक आहे का? खातेवही सांगते, स्विच पोचवतो, नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी खातेवहीला हात लावला नव्हता. त्यांनी मालवेअरच्या मदतीनं खऱ्या स्विचच्या बाजूला खोटा उभा केला होता. या कार्डांची मागणी आली, की तो खातेवहीला न विचारताच ‘हो’ म्हणणार होता.

दुपारी ३ वाजता

पैसे निघायला सुरुवात झाली. एकाच शहरात नाही. तक्रारीत नोंदवलेली वेळ दुपारी ३ ते रात्री १० अशी आहे. देश २८.

परदेशातल्या मागण्या व्हिसामार्फत आल्या, भारतातल्या रुपेमार्फत. कोल्हापुरात एटीएम केंद्रांच्या कॅमेऱ्यांत माणसं दिसतात: कार्ड घालणारी, नोटा पिशवीत भरणारी, पुढच्या केंद्राकडे जाणारी. यंत्रं बिघडलेली नव्हती. त्यांनी नियमानं विचारलं होतं आणि त्यांना नियमानं होकार मिळाला होता.

देशभरात रुपेचे सुमारे २,८०० व्यवहार झाले, रक्कम अडीच कोटी. म्हणजे एका वेळी सरासरी नऊ हजारांच्या आसपास. त्यांतले ८९ लाख ४७ हजार कोल्हापूरचे. हीच सरासरी धरली, तर या शहरात साधारण हजार वेळा नोटा मोजून बाहेर आल्या.

इशारा आला ती वेळ

कॉसमॉसच्या मुख्यालयाला व्हिसाकडून संदेश आले. तुमच्या कार्डांवर मोठ्या रकमांच्या हजारो मागण्या येत आहेत, लक्ष घाला.

बँकेच्या माणसांनी आपली यंत्रणा उघडून पाहिली. वावगं काही दिसलं नाही.

ते खोटं बोलत नव्हते आणि हलगर्जीपणाही करत नव्हते. समोरचा पडदा शांत होता, कारण व्यवहार तिथपर्यंत पोचतच नव्हते. बाहेरचा माणूस सांगतो घरात चोर आहे आणि आपली वही सांगते सगळं जागच्या जागी आहे. अशा वेळी बहुतेक जण वहीवर विश्वास ठेवतील. त्यासाठीच तर ती यंत्रणा घेतलेली असते.

अर्ध्या तासानंतर

सुमारे अर्धा तास गेल्यावर, खबरदारी म्हणून, बँकेनं व्हिसाला कॉसमॉसच्या कार्डांवरचे सगळे व्यवहार थांबवायला सांगितलं.

परदेशातली बहुतेक लूट सव्वादोन तासांच्या आसपास उरकली होती. त्या हिशेबात अर्धा तास म्हणजे जवळजवळ पाव भाग.

रात्री १० वाजता

व्हिसाचे सुमारे १२,००० व्यवहार, ७८ कोटी रुपये. रुपेचे अडीच कोटी. खातेवहीत सगळं बरोबर होतं. ग्राहकांच्या शिल्लकीतून एक रुपयाही वजा झालेला नव्हता. गेलेला पैसा बँकेचा स्वतःचा होता आणि तो आता व्हिसा व रुपेच्या जाळ्यांतून इतर बँकांना चुकता करायचा होता.

रविवार, १२ ऑगस्ट

संशयित व्यवहारांची पूर्ण यादी व्हिसाकडून आली. त्याच दिवशी अमेरिकेत ब्रायन क्रेब्ज या पत्रकारानं एफबीआयची शुक्रवारची सूचना प्रसिद्ध केली.

कार्डांचा मार्ग बंद झाला होता. स्विफ्टचा मार्ग चालू होता. या दिवसाकडे मला पुन्हा पुन्हा वळावंसं वाटतं. स्विचमध्ये घुसणारे आणखी कुठवर गेले असतील, हा प्रश्न रविवारी विचारता येण्यासारखा होता. बांगलादेश आणि सिटी युनियन बँक या दोन्हींचं उत्तर एकच होतं: स्विफ्ट.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

पहिला श्रावणी सोमवार. बँक उघडली होती. साडेअकराला स्विफ्टवरून पैसे पाठवण्याचे संदेश गेले. रक्कम १३ कोटी ९२ लाख. पाठवणारी कॉसमॉस बँक, घेणारं हाँगकाँगच्या हँगसेंग बँकेतलं एएलएम ट्रेडिंग लिमिटेड या नावाचं खातं. बँकेतल्या कुणीही ते पाठवले नव्हते.

शनिवारी दुपारी ३ पासून या वेळेपर्यंत सुमारे ४४ तास गेले होते.

मंगळवार, १४ ऑगस्ट

पुण्याच्या चतु:शृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. बँकेनं आपले सर्व्हर आणि ऑनलाइन सेवा बंद ठेवल्या. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित आहेत आणि कोअर बँकिंगला धक्का लागलेला नाही, असं बँकेनं जाहीर केलं. दोन्ही विधानं खरी होती.

त्यानंतर

१९ ऑक्टोबर २०१८. रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. हल्ल्याला ६९ दिवस झाले होते, व्यापारी बँकांच्या चौकटीला दोन वर्षं चार महिने.

मार्च २०१९. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेला.

हाँगकाँगला गेलेल्या रकमेतले ५ कोटी ७२ लाख पुढे परत मिळाले.

एप्रिल २०२३. पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. कार्डं पोचवणारे, ती वापरून नोटा काढणारे, टोळ्या जमवणारे असे ते होते. खोटा स्विच लिहिणारा त्यांत कुणी नव्हता.