पणजीचं नाव काय होतं?

ग्वाल्हेरला किला गेटजवळ माझी आत्या राहते. वय 86. आत्याचे यजमान जे.सी. मिलमध्ये नोकरीला होते, म्हणून विदर्भातलं हे जैन बिऱ्हाड इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. आत्याच्या मराठीत आता निम्मी हिंदी असते. पण देवदर्शनाशिवाय पाणी नाही आणि दिवस मावळल्यावर जेवण नाही, हे दोन्ही नियम तिने कारंज्याहून आणले तसेच ठेवलेत. तिच्या गच्चीवरून मान वर केली की किल्ल्याची भिंत दिसते.

मागच्या थंडीत मी तिच्याकडे गेले ती एक रिकामा चौकोन भरून घ्यायला.

माझी लेक न्यू जर्सीत असते. तिने इंटरनेटवर आमच्या घराण्याचा वंशवृक्ष करायला घेतला. नाव टाकलं की चौकोन तयार होतो, त्यावर आईचा आणि वडिलांचा असे दोन चौकोन उघडतात. वडिलांच्या बाजूचे भराभर भरले. खापरपणजोबांपर्यंत नावं आम्हाला पाठ आहेत. बायकांच्या बाजूला मात्र तिसऱ्याच पिढीत गाडी अडली. "आई, पणजीचं माहेरचं नाव काय गं? आणि तिच्या आईचं?" लेकीची पणजी म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. तिच्या मांडीवर मी वाढले. तिचं सासरचं नाव मला माहीत होतं. माहेरचं नाव? मी गप्प बसले. तिची आई, म्हणजे माझी पणजी, तर कुणाच्या बोलण्यातही कधी आली नव्हती.

मैत्रिणींनो, हे फक्त आमच्याच घरचं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात. पेढे वाटले जातात, टाळ्या पडतात, आणि जुनं नाव त्या दिवसापासून कागदावरून उतरतं. सोयरीक जुळवताना आपण गोत्र विचारतो, मामेकुळ विचारतो. त्यामुळे बाईचं माहेरचं घराणं लक्षात राहतं. ती स्वतः राहत नाही.

आधी मी लेकीच्या सांगण्याप्रमाणे इंटरनेटवरच शोधलं. तिथे काय सापडतं आणि काय नाही, ते सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

फॅमिलीसर्च नावाची एक मोफत साइट आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळी संस्थेने जगभरच्या नोंदींची छायाचित्रं घेतली, त्यात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत. यात्रेकरू आला की पंडा त्याच्या घराण्याची नावं वहीत उतरवून घेई. अशाच वह्या आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आहेत. पण तिथे माणसं जायची ती मुख्यतः अस्थी घेऊन, श्राद्ध करायला. आपल्या धर्मात पिंडदान नाही. त्यामुळे जैन घराणं त्या वह्यांत सापडण्याचा संभव मुळातच कमी. इंग्लंडमध्ये 1837 पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंद आहे, गोव्यात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. आपल्याकडे देशभर एकसारखा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला तो 1969 मध्ये. आजीच्या जन्माला तो काय उपयोगाचा?

महाराष्ट्रात मात्र एक चांगली सोय झाली आहे. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या साइटवर जुने सातबारे, फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. वारसाची नोंद फेरफारात होते, त्यामुळे कोण कधी वारलं आणि मागे कोण राहिलं, ते कळतं. गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीला गाव नमुना 14 म्हणतात, कोतवाल बुकही म्हणतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा याच वह्या तहसिलातून बाहेर निघाल्या, आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. मी फेरफार पाहिले. पणजोबा सापडले, त्यांचे भाऊ सापडले, विहिरीचा वादही सापडला. बाई दिसली ती एकदाच, ‘विधवा’ म्हणून, शेतावर नाव चढलं तेव्हा.

छापील कुलवृत्तांतांचं तेच. बहुतेकांत मुलगी लग्न होऊन गेली की तिची रेघ संपते. आणि इंटरनेटवरचे वंशवृक्ष म्हणाल तर ते कुणीतरी घरातूनच भरलेले असतात. घरात जे विसरलं गेलं, ते यंत्राला कुठून आठवणार?

तर अशी रिकाम्या हाताने मी किला गेटला पोचले. दुसऱ्या दिवशी आतेभावाने रिक्षा केली आणि आम्ही किल्ल्याला वळसा घालून उरवाई दरवाज्याकडे मूर्तींच्या दर्शनाला गेलो.

त्या मूर्ती ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डोंगराच्या कड्यातच तीर्थंकर कोरले आहेत. उभे आदिनाथ सुमारे 57 फूट उंच. मान मागे टाकून पाहावं लागतं. हे काम झालं तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या काळात, पंधराव्या शतकात. 1528 मध्ये बाबर इथे आला आणि त्याने मूर्ती फोडायचा हुकूम दिला. हे त्याने स्वतःच्याच आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे भाविकांनी काही मूर्तींचे तुटलेले चेहरे चुन्याने पुन्हा घडवले.

मी याआधीही दर्शनाला आले होते, तेव्हा मूर्तींच्या चेहऱ्यांकडेच पाहिलं होतं. या वेळी नजर खाली, पायथ्याच्या लेखांकडे गेली. उरवाईच्या मूर्तींवरच्या लेखांत संवत 1497 आणि 1510 ही वर्षं आहेत, म्हणजे इसवी सन 1440 आणि 1453. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1860 च्या दशकात इथली पाहणी केली. पुरातत्त्व खात्याचे ते जुने अहवाल आज इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. मी रात्री आत्याच्या पलंगावर बसून ते मोबाइलवर वाचले.

या काळच्या मूर्तिलेखांची एक ठरलेली रीत असते. आधी संवत आणि तिथी. मग राजाचं नाव. मग संघ, गण, गच्छ आणि भट्टारकांची परंपरा. मग मूर्ती करवणाऱ्याचा वंश आणि गोत्र. आणि मग येते ती आपल्या कामाची जागा: ‘तस्य भार्या’, त्याची बायको, आणि पुढे तिचं नाव. ‘तयोः पुत्रः’, त्या दोघांचा मुलगा. मग त्या मुलाची भार्या, तिचंही नाव. सासू आणि सून एकाच दगडावर! दान घराने मिळून दिलं, तर पुण्यही सगळ्यांचं, आणि पुण्य ज्याचं त्याला मिळायला नाव तर लागणारच. हिशोब असा सरळ होता.

पोथ्यांचंही तसंच. याच ग्वाल्हेरात, याच तोमर राजांच्या काळात रइधू नावाचा अपभ्रंश कवी होऊन गेला. त्याच्या ग्रंथांच्या शेवटी प्रशस्ती असते, तीत ज्या श्रावकाने ग्रंथ लिहवून घेतला त्याचं घराणं येतं, बायका-सुनांसकट. पोथी नकलून मुनींना किंवा आर्यिकांना देणाऱ्या श्राविका तर कितीतरी. ज्ञानावरणीय कर्माच्या क्षयासाठी अमुक बाईने ही पोथी दिली, असं शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. आपण पोथीला नमस्कार करतो आणि ते पान न वाचताच बासनात बांधून ठेवतो.

आता कुणी म्हणेल, ग्वाल्हेरचे ते श्रावक मुख्यतः अग्रवाल, आम्ही कारंज्याचे बघेरवाल. आमचा काय संबंध? रक्ताचा आहे असं मी म्हणतच नाही. पण ग्वाल्हेरच्या लेखांत काष्ठासंघाचा माथुर गच्छ येतो, आणि त्याच काष्ठासंघाचा नंदीतट गच्छ आमच्या बघेरवालांचा. कारंज्याच्या तीन जुन्या मंदिरांतलं एक काष्ठासंघाचंच आहे. लेख लिहायची रीत तीच. विद्याधर जोहरापूरकरांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ 1958 मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला. त्यात असे लेख परंपरेनुसार लावून दिले आहेत. मूर्तिलेख वाचायला बसायचं तर तो जवळ असू द्यावा.

मात्र एक जपायचं. आपल्या देवघरातल्या किंवा मंदिरातल्या मूर्तीवर संवत 1548 आणि जीवराज पापडीवाल हे नाव दिसलं, तर ‘आमचा पूर्वज सापडला’ म्हणून नाचू नका. या एका श्रावकाने त्या वर्षी हजारो मूर्तींची प्रतिष्ठा करवली आणि त्या देशभर पोचल्या. इंटरनेटवरच्या वंशवृक्षात अशीच चूक होते. नाव जुळलं की यंत्र सुचवतं, ‘हेच का तुमचे पणजोबा?’ आणि आपण उत्साहाने ‘हो’ दाबतो. मग ती चूक दहा जणांच्या वंशवृक्षात उतरते.

परत किला गेटला येते. रात्री मी मोबाइलवर डोकं खुपसून बसले होते. आत्या म्हणाली, "काय गं सारखी मोबाइलमध्ये ढुंढतेस? मला विचार ना."

मी विचारलं, "आत्या, आईचं माहेरचं नाव काय होतं?"

तिने एका दमात सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, गोत्र, चारी भावंडं. मला रडूच आलं. इतके दिवस अमेरिकेपासून तहसिलापर्यंत शोध चालला होता, आणि उत्तर किला गेटच्या एका खोलीत माळ ओढत बसलं होतं! "इतकी वर्षं कधी बोलली नाहीस?" म्हटलं, तर म्हणाली, "कुणी विचारलंच नाही बेटा. तुझ्या वडिलांनीपण नाही."

"आणि तिच्या आईचं?"

इथे मात्र ती अडली. आजोळची आजी म्हणजे ‘मोठीआई’, एवढंच तिला आठवत होतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "गुंडावर बघ. आई म्हणायची, माझ्या आईचं नाव आहे त्यावर."

हा पितळेचा गुंड आजीच्या लग्नातला. पाणी गाळून भरायचा. आजीने तो आत्याला दिला, आत्याने ग्वाल्हेरला आणला. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं कोरलेली होती. पण नव्वद-एक वर्षं चिंचेने आणि राखेने घासून घासून ती पुसट झाली होती. सरळ उजेडात काहीच दिसेना. मग मी खोलीतला दिवा बंद केला आणि मोबाइलची बॅटरी बाजूने, तिरपी धरली. ठिपक्यांच्या सावल्या पडल्या आणि अक्षरं उठून दिसली. आतेभावाने फोटो काढले, ते मोठे करून आम्ही तिघं वाचत बसलो.

पहिल्या ओळीत आजीचं माहेरचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत ‘आईकडून’ आणि पुढे पणजीचं पूर्ण नाव. तिसऱ्या ओळीत शके 1852, म्हणजे 1930, आणि गावाचं नाव. गावाची पहिली अक्षरं झिजून गेलीत, शेवटचं ‘गाव’ तेवढं उरलंय.

आईकडून का? भांड्यावर बहुधा वडिलांचं नाव असतं. आत्या म्हणाली, "नाना लवकर गेले. मोठीआईनेच लेकीचं लग्न लावलं." म्हणजे ज्या बाईला सरकारी कागदाने नुसतं ‘विधवा’ म्हणून लिहिलं असतं, तिने स्वतःचं नाव तांबटाकडून पितळेवर ठोकून घेतलं होतं. गावाने पाहावं म्हणून की लेकीने विसरू नये म्हणून, कोण जाणे. उरवाईच्या दगडावर ‘तस्य भार्या’ वाचून आले होते. इथे ‘तस्य’ कुणीच नव्हतं, आणि तरी नाव होतं.

लेकीला फोटो पाठवला. न्यू जर्सीत तेव्हा सकाळ होती. पाचव्या मिनिटाला दोन्ही चौकोन भरले. आता ती त्या ‘गाव’च्या मागे लागली आहे. विदर्भातल्या गावांच्या याद्या काढून बसते.

तेव्हा मैत्रिणींनो, वंशवृक्ष जरूर करा, इंटरनेटवरच करा. पण क्रम असा ठेवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ आधी बसा, तिचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग भांडी पाहा, पत्रिका पाहा, पोथ्यांची शेवटची पानं पाहा. घरच्या धातूच्या मूर्तीच्या मागे लेख असतो, तोही पाहा. संवत असेल तर 57 वजा करा, शके असेल तर 78 मिळवा. वाचता येईना तर तिरपा उजेड आणि फोटो. पण लेख घासून साफ करायला जाऊ नका. त्यानंतर फेरफार, कोतवाल बुक आणि मग साइट. हयात माणसांची माहिती मात्र सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका. आणि बाईच्या चौकोनात दोन्ही नावं लिहा, तांदळातलं आणि त्याआधीचं.

निघताना आत्याला म्हटलं, गुंड आता घासू नकोस. ती हसली. म्हणाली, "पाणी तर भरावंच लागतं ना. तू फोटो घेतलास, आता काय फिकीर."