नकाशाविना बांधलेले जहाज

१६९७ साली रशियाचा झार पीटर ॲम्स्टरडॅमला आला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत काही महिने हाती कुऱ्हाड घेऊन सुतारकाम शिकला. काम शिकला, पण समाधान झाले नाही. जहाजाचा आकार कागदावर भूमितीने कसा मांडावा, हे तेथील कारागिरांना सांगता येईना. अखेर त्या विद्येसाठी तो इंग्लंडला गेला.

हे डच सुतारांचे अडाणीपण नव्हते. सतराव्या शतकात युरोपातील सर्वांत मोठे व्यापारी आरमार याच लोकांनी उभारले होते. फरक पद्धतीचा होता. आधी पठाण, म्हणजे तळाचा कणा, मांडायचा. पुढची नाळ व मागचा खांब उभारायचा. मग बरगड्या न बसवताच तळाच्या फळ्या जोडत जायचे. फळ्या विस्तवावर तापवून वाकवल्या जात. मोठे लाकडी चिमटे आणि तात्पुरत्या ठोकलेल्या लहान लाकडी पट्ट्या त्यांना जागेवर धरून ठेवत. बरगड्या नंतर येत. जहाजाचा आकार बांधता बांधता, मिस्त्रीच्या नजरेतून ठरे.

करारात लिहिली जात ती मुख्यतः मापे. बाकीचे प्रमाणांवर चाले. उदाहरणार्थ, लांबीच्या दर १० फुटांमागे नाळेच्या लाकडाची जाडी १ इंच. (ॲम्स्टरडॅमचा फूट ११ इंचांचा, सुमारे २८.३ सेंटिमीटर.) अशी विद्या गुरूकडून शिष्याकडे हातोहात जाते आणि परंपरा तुटली की तिच्यासोबत नाहीशी होते. अठराव्या शतकात रेखाचित्रांवरून बांधणी रूढ झाली आणि नेमके तेच घडले.

ती काही अंशी वाचली, याचे श्रेय निकोलास वित्सेन या गृहस्थाला. तो सुतार नव्हता; पुढे ॲम्स्टरडॅमचा महापौर झाला, आणि पीटरचा यजमानही तोच. १६७१ साली त्याने जहाजबांधणीवर भलामोठा ग्रंथ लिहिला. त्यात १३४ फुटी ‘पिनास’ जातीच्या एका जहाजाचे तुकड्यातुकड्याने वर्णन आहे. मात्र मांडणी इतकी विस्कळीत, की वाचणाऱ्याची दमछाक व्हावी. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये जहाज-प्रतिकृतींचे जतन करणारे आब होव्हिंग यांनी या मजकुराची सुसंगत जुळणी केली आणि वित्सेनच्याच क्रमाने त्या पिनासची प्रतिकृती बांधली. बरगड्यांआधी फळ्या! ग्रंथाची याहून कठोर परीक्षा दुसरी नसावी. जे वाक्य वाचताना कळल्यासारखे वाटते, ते फळी वाकवताना कळतेच असे नाही.

समुद्रानेही साक्ष दिली. त्या तात्पुरत्या पट्ट्या काढल्यावर खिळ्यांची भोके लाकडी खुंट्यांनी बुजवली जात. बुडालेल्या डच जहाजांच्या फळ्यांवर पुरातत्त्वज्ञांना अशा बुजवलेल्या भोकांच्या रांगा सापडल्या.

पूर्ण आकाराचा प्रयोग लेलीस्टाडला झाला. विलेम व्होस या जहाजबांधणी कारागिराने ४ ऑक्टोबर १९८५ रोजी ‘बटाव्हिया’ या जहाजाचा पठाण मांडला. हाताशी होते वित्सेनचे आणि १६९७ सालचे कॉर्नेलिस व्हान आयकचे पुस्तक, जुनी चित्रे व अवशेष. काम करणाऱ्यांत बेरोजगार तरुण बरेच होते. दहा वर्षांनी, ७ एप्रिल १९९५ रोजी, राणी बिआट्रिक्सच्या हस्ते जलावतरण झाले. या जहाजाला ‘हुबेहूब’ म्हणण्याचा मोह टाळावा. मूळ नकाशाच नव्हता, तेव्हा हुबेहूब कशाशी? हे ओकच्या लाकडात मांडलेले अनुमान आहे, आणि त्यातच त्याचे मोल आहे.

मूळ ‘बटाव्हिया’ १६० फुटी होती. ऑक्टोबर १६२८ मध्ये ती पहिल्याच सफरीवर निघाली. तिचा प्रमुख फ्रान्सिस्को पेलसार्ट हा आधी आग्र्याच्या डच वखारीत होता. जहांगीरकालीन हिंदुस्थानाचे अभ्यासक त्याचा अहवाल आजही वाचतात. ४ जून १६२९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील प्रवाळखडकांवर जहाज फुटले. पेलसार्ट मदत आणायला गेला असता येरोनिमस कॉर्नेलिसच्या टोळीने शंभराहून अधिक माणसे मारली.

अवशेष १९६३ साली सापडले. मागच्या डाव्या बाजूचा मोठा भाग आज फ्रीमँटलच्या संग्रहालयात उभा आहे. त्याच्या ओकच्या फळ्या दुहेरी थराच्या आहेत. लाकडातील वार्षिक वलयांच्या अभ्यासातून त्यांचा माग थेट जंगलापर्यंत लागला: फळ्यांचे बरेचसे लाकूड बाल्टिक प्रदेशातले, तर बरगड्यांचे जर्मनीतील लोअर सॅक्सनीतले.