सुदाम्यापासून चिमणरावापर्यंत

विनोद मराठीला नवा नव्हता. एकनाथांच्या भारुडांत तो होता, तमाशातल्या सोंगाड्याच्या तोंडी होता, आणि शिमग्यात तर वर्षभराची थकबाकी वसूल करण्याची त्याला मुभाच होती. नवा होता तो विनोदकार. सोंगाड्या रंग पुसून घरी जातो, शिमगाही सरतो. पण छापलेल्या विनोदाखाली कुणाचे तरी नाव राहते. ते नाव कोणते असावे आणि हसायचे कुणाला, हे दोन प्रश्न मराठी विनोदकारापुढे एकदमच उभे राहिले.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा (1871–1934) ‘साक्षीदार’ हा पहिला विनोदी लेख 1902 मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त आला. कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करणारे गृहस्थ, तेव्हा विषयाला दूर जावे लागले नसणार. पण कचेरीच्या बाहेरही त्यांना बरेच काही सांगायचे होते. आगरकरांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता, आणि नुसत्या युक्तिवादाची काय किंमत मोजावी लागते हे त्यांच्या पिढीने पाहिलेले होते: पुण्याच्या सनातन्यांनी आगरकरांची ते हयात असतानाच प्रेतयात्रा काढली होती. श्रावणी, गणेशचतुर्थी, शिमगा या आपल्याच घरच्या गोष्टींवर कोल्हटकरांनी लिहिले, ते मात्र आगरकरांच्या वाटेने नव्हे. त्यांनी सुदामा उभा केला, त्याच्या जोडीला बंडूनाना आणि पांडुतात्या दिले. रूढीची बाजू इतक्या गंभीरपणे, इतक्या शास्त्रोक्त बारकाव्यांनिशी मांडायची की ती स्वतःच्याच भाराने कोसळावी, ही या लेखांची रीत. खंडन करणारा कुणी दिसत नाही, मग प्रेतयात्रा काढायची कुणाची?

1910 च्या पुस्तकाला त्यांनी ‘सुदाम्याचे पोहे’ हे नाव दिले. मित्राच्या दारी संकोचाने नेलेली गरिबाची पुरचुंडी. आणि लेखकाच्या स्वतःच्या नावात मुळी श्रीकृष्णच! पुढे लेख वाढले तेव्हा 1923 मध्ये ‘साहित्यबत्तिशी’ हा शब्द जोडला गेला. त्यात संख्याही आली आणि हसताना दिसणारे दातही. आज यातल्या कोट्या काही ठिकाणी दमवतात, हे मान्य केले पाहिजे. एका वाक्यात तीन श्लेष आले की वाचक हसण्याऐवजी मोजू लागतो.

त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी तर लेखणीची वाटणीच केली. नाटके स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजाच्या, विनोद बाळकरामाच्या. एकाच माणसाला रडवण्यासाठी आणि हसवण्यासाठी वेगळी नावे घ्यावीशी वाटली, यावरून त्या काळी विनोदाची पंगत कुठे बसत होती याचा अंदाज येतो. 1919 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी, सावनेर येथे ते वारले. ‘संपूर्ण बाळकराम’ मागाहून निघाले.

बाळकरामाच्या लेखांत ठकीच्या लग्नाचे प्रकरण सर्वांत गाजले. उपवर मुलगी, तिच्यासाठी चाललेले वरसंशोधन, आणि त्यातून उडणारी त्रेधा. वधूपरीक्षेच्या बाजारावरचा तो घणाघात आहे असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण लेख पुन्हा वाचताना मला अडखळायला होते. बाजाराला हसता हसता आपण ठकीच्या रूपालाही हसतो, आणि सगळी मोहीम जिच्यासाठी तिला स्वतःला तिथे फारसा आवाज नाही. सुदाम्याचे लक्ष्य रूढी होती. इथे हास्याचा खर्च एका मुलीच्या नावावर पडला आहे. विनोदकाराच्या हातून हे सहज घडते, कारण हशा आला की हिशेब कुणी विचारत नाही.

चिं. वि. जोशी (1892–1963) यांनी हा खर्च स्वतःच्या खाती घेतला. बडोद्यात पाली भाषा शिकवणारा, बौद्ध वाङ्मयाचा हा अभ्यासक. त्यांचा चिमणराव दुसऱ्यांच्या फजितीचा साक्षीदार नाही. फजिती त्याचीच होते आणि सांगतोही तोच. गुंड्याभाऊ जवळ असला म्हणून ती टळत नाही, उलट बऱ्याचदा वाढते. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ 1933 मध्ये आले. त्यात कोट्यांची आतषबाजी जवळजवळ नाही. साधी वाक्ये, मध्यमवर्गीय बिऱ्हाड, बायकोमुले, आणि आपण मोठे व्यवहारी आहोत या समजुतीत वावरणारा, पानोपानी तोंडघशी पडणारा यजमान. समाजसुधारणेचा झेंडा त्याच्या हाती नाही, म्हणून काहींना हा विनोद सौम्य वाटला. मला तो जास्त धीट वाटतो. बंडूनानांना हसताना वाचकाला शेजारच्या वाड्यातले कुणीतरी आठवत असेल. चिमणरावाला हसताना ती पळवाट उरत नाही, कारण तो बोलतो आपल्याच माजघरातून, आणि ‘मी’ म्हणून बोलतो.

1977 नंतर दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. तोवर जोशी जाऊन चौदा वर्षे उलटली होती. चिमणरावाला मात्र नवे घर शोधावे लागले नाही.