झग्यातला जंतू

खुपऱ्यांचा आजार चोपड्यात जुन्या माणसांना ठाऊक आहे. पापणी उलटवली की आत साबुदाण्यासारखे दाणे दिसत. १९६३ साली सरकारने त्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम काढली आणि २०२४ साली तो आता भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. त्याच जंतूचे भाईबंद शरीरसंबंधातून पसरतात, ह्याविषयी मात्र चारचौघांत कोणी बोलत नाही. आम्ही आज बोलणार आहोत.

१९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक ह्या दोघा संशोधकांनी पापणीचे खरवडण रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पेशींच्या आत निळसर पुंजके दिसले. झगा ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पुढे क्लॅमिडिया हे नाव रूढ झाले. जंतू दिसला खरा, पण वाढवता येईना. जिवंत पेशीबाहेर तो वाढतच नाही. त्यामुळे कित्येक वर्षे त्याला विषाणूच मानीत. अखेर १९५७ साली पेकिंगच्या तांग फेईफान ह्यांनी गर्भ धरलेल्या कोंबडीच्या अंड्यात तो वाढवल्याचे प्रसिद्ध केले, आणि खात्रीसाठी पुढे तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला! १९५९ साली लंडनमध्ये, डोळे आलेल्या एका तान्ह्या बाळाच्या आईच्या गर्भाशयमुखातून तोच जंतू हाती लागला.

१९६५ नंतर प्रयोगशाळेतील पेशींवर तो वाढवू लागले. पण त्याला दिवस लागत, थंडावा लागे, तरबेज हात लागत. तालुक्याच्या गावाला ही चैन कुठली? १९९० नंतर मात्र पीसीआर आली: जंतूच्या जनुकद्रव्याच्या लाखो प्रती काढून त्याला ओळखावयाचे. २०२० च्या कोरोनात नाकात काडी घालून घेतलेली तपासणी ह्याच जातीची. येथे पुरुषाची लघवी आणि बाईचा योनिमार्गातील स्राव पुरतो. रक्तातील प्रतिपिंडांवरून लागण पूर्वी कधी झाली एवढेच कळते, आज आहे की नाही ते नाही. तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत बहुधा लक्षणे पाहूनच गोळ्या देत आले. गोळ्या चांगल्याच आहेत. परंतु बहुसंख्य बायांना लक्षणेच नसतात, आणि आतल्या नळ्या मुकाट्याने बुजतात. मूल होत नाही म्हणून टाकलेल्या मजूर बाया आमच्या युनियनच्या कचेरीत आल्या आहेत. सोडचिठ्ठीचे कागद आम्ही पाहिले. नवऱ्याच्या तपासणीचा कागद एकीजवळही नव्हता.