ॲबरव्हॅन, १९६६ : खाणीच्या कचऱ्याचा हिशेब कोणी चुकता केला?

१/
२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. दक्षिण वेल्समधील ॲबरव्हॅन या खाणगावातील पँटग्लास शाळेची मुले नुकतीच वर्गात येऊन बसली होती. दुपारी शाळा सुटली की छोटी सुट्टी लागणार होती. सव्वानऊच्या सुमारास शाळेमागच्या डोंगरावरून कोळसाखाणीच्या कचऱ्याचा ढिगारा घसरून खाली आला. १४४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ११६ मुले होती, बहुतेक ७ ते १० वर्षांची.

२/
या घटनेला ‘दुर्घटना’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तिचा इतिहास तपासला तर दैवाचा वाटा फारच थोडा दिसतो. खाणीतून निघणाऱ्या कचऱ्याचे काय करायचे, आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी मारायचा, या दोन प्रश्नांचा हा इतिहास आहे.

३/
आधी हा कचरा म्हणजे काय ते पाहू. भूगर्भातून कोळसा काढताना त्याच्यासोबत दगड आणि शेल खडकही वर येतो. कोळसा धुतल्यावर अतिशय बारीक कणांचा ओला गाळ उरतो. या कशालाच बाजारात किंमत नाही. म्हणून तो शक्य तितक्या जवळ आणि शक्य तितक्या स्वस्तात टाकून देणे हाच खाणमालकांचा शिरस्ता होता.

४/
दक्षिण वेल्सच्या दऱ्या अरुंद. तळाशी नदी, रेल्वे, खाण आणि घरांच्या रांगा. सपाट जागा जवळजवळ नाहीच. त्यामुळे मर्थर व्हेल खाणीचा कचरा छोट्या रुळांवरून डोंगरावर चढवला जाई आणि गावाच्या वरच्या उतारावर ओतला जाई. असे एकामागून एक सात ढीग उभे राहिले. सातवा ढीग १९५८ साली सुरू झाला. १९६६ पर्यंत तो सुमारे ३४ मीटर उंच झाला होता.

५/
या डोंगराचा वालुकाश्म पाणी झिरपू देणारा आहे. मुरलेले पाणी उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सातवा ढीग अशाच झऱ्यांवर रचलेला होता. वरून पाऊस, खालून झरे आणि मधे धुलाईतला बारीक गाळ. पाण्याने संपृक्त झालेला असा ढीग एका मर्यादेनंतर घन पदार्थासारखा वागत नाही. तो द्रवासारखा वाहू लागतो.

६/
पूर्वसूचना नव्हती असे मुळीच नाही. १९४४ साली चौथा ढीग घसरला होता. १९६३ साली तर खुद्द सातवा ढीगच घसरला. त्याच वर्षी स्थानिक नगर अभियंत्याने शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याविषयी पत्रे लिहिली होती. तरीही ढीग वाढतच राहिला.

७/
खाणीची मालकी त्या वेळी खासगी नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. ब्रिटनमधील कोळसाखाणींचे १९४७ साली राष्ट्रीयीकरण झाले होते आणि त्या ‘नॅशनल कोल बोर्डा’च्या ताब्यात होत्या. मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स यांनी ढिगाखालचा झरा कोणाला ठाऊक नव्हता, अशी भूमिका प्रथम घेतली. वास्तविक ते झरे नकाशांवर नोंदलेले होते आणि गावकऱ्यांना तर पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते.

८/
न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायाधिकरण ७६ दिवस बसले. १९६७ च्या अहवालाने संपूर्ण दोष कोल बोर्डावर ठेवला. दुष्ट हेतू कोणाचाही नव्हता. अज्ञान, अकार्यक्षमता आणि एकमेकांना न कळवण्याची सवय यांनी हा घात केला, असा त्याचा आशय होता. ढिगांच्या सुरक्षिततेबाबत मंडळाकडे कोणतेही धोरण नव्हते. कायद्यातही त्याविषयी काही तरतूद नव्हती.

९/
अहवालात नऊ जणांवर दोष ठेवण्यात आला. त्यांपैकी एकावरही खटला चालला नाही. रॉबेन्स यांनी देऊ केलेला राजीनामा स्वीकारला गेला नाही आणि ते १९७१ पर्यंत अध्यक्षपदी राहिले. मृत मुलामागे भरपाई मिळाली ५०० पौंड.

१०/
यापुढचा भाग तुलनेने कमी सांगितला जातो. शाळा गाडली गेली, पण उरलेले ढीग डोंगरावर तसेच होते. ज्यांची मुले गेली त्यांना रोज खिडकीतून तेच दिसत होते. ‘ढीग हलवा’ ही त्यांची मागणी. ढीग आता सुरक्षित आहेत आणि ते हलवणे खर्चिक आहे, हे त्यावरचे सरकारी उत्तर. अखेर संतप्त गावकऱ्यांनी कार्डिफमधील वेल्श ऑफिसात खाणीचा गाळ नेऊन ओतला.

११/
ढीग हलवण्याचा निर्णय १९६८ साली झाला, परंतु एका अटीवर. आपद्‌ग्रस्तांसाठी जगभरातून सुमारे साडेसतरा लाख पौंड देणगी जमली होती. त्या निधीतून दीड लाख पौंड ढीग हलवण्याच्या खर्चापोटी घेण्यात आले. ज्यांनी मुले गमावली, त्यांच्याच सांत्वनासाठी आलेल्या पैशातून दोषी संस्थेचा कचरा उचलला गेला.

१२/
ही रक्कम १९९७ साली परत मिळाली. मात्र व्याजाविना, तेवढीच दीड लाख. जवळजवळ ३० वर्षांच्या महागाईचा विचार त्यात नव्हता. २००७ साली वेल्सच्या सरकारने स्मारक न्यासाला १५ लाख पौंड दिले, तेव्हा कुठे त्या अन्यायाचे काहीसे परिमार्जन झाले.

१३/
ॲबरव्हॅनमुळे काय बदलले? १९६९ साली ब्रिटनमध्ये खाणींच्या ढिगांसाठी स्वतंत्र कायदा झाला. वेल्समध्ये पडीक खाणभूमी सुधारण्यासाठी सरकारी विभाग स्थापन झाला. पुढील दशकांत अनेक ढीग सपाट झाले, त्यांवर गवत आणि झाडे आली. तरीही प्रश्न संपला नाही. फेब्रुवारी २०२० मधील वादळी पावसात टायलर्सटाउन येथे एक जुना ढीग घसरला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्यानंतरच्या पाहणीत वेल्समध्ये असे दोन हजारांहून अधिक ढीग आढळले.

१४/
आता आपल्याकडे वळू. चंद्रपूर, वणी, उमरेड या परिसरातून प्रवास केलेल्यांना शेतांपलीकडे उभे असलेले सपाट माथ्याचे मातीचे डोंगर ठाऊक असतील. या खुल्या खाणी आहेत. इथे कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती आणि खडक काढावा लागतो. त्याला ‘ओव्हरबर्डन’, बोलण्यात ‘ओबी’, म्हणतात. सुपीक काळी माती वेगळी साठवणे, रिकाम्या खड्ड्यात ओबी परत भरणे, उतार पायऱ्यांचा करणे, वर ती माती पसरून झाडे लावणे, असा भूमी पूर्ववत करण्याचा क्रम असतो. काळी माती ओबीत मिसळून गेली, तर तो क्रम पहिल्याच पायरीवर तुटतो.

१५/
धोकाही आपल्याला अपरिचित नाही. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल खाणक्षेत्रात, लालमटिया येथे, ओबीचा प्रचंड ढिगारा कोसळून २३ कामगार मरण पावले.

१६/
खर्चाच्या प्रश्नाला भारताने २००९ साली कागदावर तरी उत्तर दिले. त्या वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोळसाखाण चालू असतानाच, ती बंद करण्याच्या आणि जमीन सुधारण्याच्या खर्चाची रक्कम दरवर्षी एस्क्रो खात्यात भरावी लागते. नफा संपल्यावर जबाबदारी झटकता येऊ नये, हा त्यामागील विचार.

१७/
म्हणून एखाद्या खाणीचा इतिहास वाचताना किती टन कोळसा निघाला एवढ्यावरच थांबू नका. कचरा कुठे टाकला, त्याखाली पाणी होते का, सूचना कोणी दिली होती आणि साफसफाईचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, हेही विचारा. ॲबरव्हॅनमध्ये या चारही प्रश्नांची उत्तरे आधीपासून उपलब्ध होती. शाळेच्या जागी आज एक स्मृतिउद्यान आहे.

(समाप्त)